पांढरी पाचचा तीव्र मध्यम

पावसाळ्यात भावाकडे राहायला गेले होते. संध्याकाळची वेळ, आतल्या खोलीत भाचीचा यमनचा रियाज चालला होता. तिच्या बाईंनी तिला पांढरी पाच पट्टी दिली आहे, म्हणजे पेटीची पाचवी पांढरी पट्टी हा तिचा सा. मोबाइलवर तानपुरा लावून ती एकेक स्वर निगुतीनं ठेवत होती. मध्येच तिनं नेहमीची वाट सोडली. सा लावला, मग वरचा सा, आणि तिथून थेट खाली तीव्र मध्यमावर येऊन थांबली. मध्यम नेमका लागतोय का हे बघत असावी, कारण बराच वेळ तो धरून होती. मी ओट्याशी आलं किसत उभी होते. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. पुढच्याच क्षणी तिनं पंचम घेतला, ग रे सा करत उतरली आणि घरभर पुन्हा यमन पसरला. पण मधले ते तीन स्वर, त्याच क्रमानं आणि नेमके त्याच पट्टीत, माझ्या ओळखीचे होते. खालचा सा, वरचा सा, आणि काळी एकवर येणारा तीव्र मध्यम. ब्लॅक सॅबथ या इंग्लिश रॉक बँडच्या पहिल्या अल्बममधलं पहिलं गाणं असंच सुरू होतं. गाण्याचं नावही ब्लॅक सॅबथ, अल्बमचंही तेच.

तेच स्वर, आणि एकीकडे दिवेलागणीची शांतता, दुसरीकडे घशाला कोरड पाडणारी भीती. हे कसं, हा प्रश्न त्या दिवसापासून डोक्यातून जाईना.

मी तो अल्बम पहिल्यांदा ऐकला तेव्हा आम्ही चिंचवडला कॉलनीत राहत होतो. दादाच्या मित्रानं कुठून तरी कॅसेट भरून आणली होती. वर पेनानं फक्त बँडचं नाव लिहिलेलं, गाण्यांची यादी नाही, मुखपृष्ठ नाही. मी नववीत होते. दुपारी घरात कोणी नसताना टेपरेकॉर्डरवर लावली, तर नुसता पाऊस. बाहेरही पाऊस पडत होता, त्यामुळे कॅसेटमधला कुठला आणि पत्र्यावरचा कुठला ते कळेना. मग लांबवर चर्चची घंटा. गडगडाट. मला वाटलं, कॅसेटवर आधी काहीतरी दुसरं भरलेलं असणार. इतक्यात तो पहिला सा कोसळला. त्या टेपरेकॉर्डरच्या छोट्या स्पीकरची जाळी कंप पावू लागली आणि शोकेसमधले स्टीलचे पेले किणकिणले. मला आजही तो क्षण आवाजापेक्षा जास्त शांततेसाठी आठवतो. कारण तीन स्वर झाले की गाणं जवळजवळ थांबतं. ढोलांचे ठोके इतके विरळ येतात, की पुढचा ठोका येईल की नाही याची खात्री वाटेनाशी होते. मोठा आवाज मला नवीन नव्हता. गणपतीत आमच्या खिडकीखालीच मांडव असायचा. पण इतकं मोठं आणि इतकं संथ असं मी काही ऐकलेलंच नव्हतं.

पुढे बऱ्याच वर्षांनी अमीर खाँसाहेबांचा मारवा ऐकला तेव्हा ही लय पुन्हा भेटली. अतिविलंबितात दोन स्वरांमधली जागा हीच ऐकण्याची गोष्ट होते. तिथंही पंचम नाही, तीव्र मध्यम आहे, आणि सूर्य मावळतानाची ती अस्वस्थता. मी काही या दोन संगीतांची सोयरीक जुळवायला बसलेले नाही. १९६९ साली बर्मिंगहॅममधल्या त्या चार पोरांच्या कानावर मारवा पडला असेल असं मला मुळीच वाटत नाही. त्यांचा मध्यम दुसरीकडून आला. बास वाजवणारा गीझर बटलर तेव्हा गुस्ताव हॉल्स्ट या इंग्रज संगीतकाराच्या ‘द प्लॅनेट्स’मधल्या मंगळाच्या भागाच्या नादात होता आणि ती सुरावट बासवर काढून बघत होता. गिटारवादक टोनी आयोमीनं हे तीन स्वर त्यातूनच घडवले. हॉल्स्टच्या सुरावटीत सा येतो, मग पंचम, आणि पंचमावरून अर्धी पायरी घसरून तीव्र मध्यम. खाली पाच मात्रांचं सैन्य चालत असतं. आयोमीनं त्यातून पंचमच काढून टाकला आणि त्या जागी वरचा सा बसवला. बदल एवढासाच, पण सगळं त्यातच आहे. पंचम आधी ऐकला असला की तिथून घसरलेला मध्यम दुखावल्यासारखा वाटतो. पंचम ऐकलेलाच नसला तर मध्यमाला घर उरत नाही. गिटारवर तो थरथरतो, वर जाईल जाईल असं वाटतं, कान पंचमाची वाट बघत राहतो, आणि आयोमी पुन्हा खालच्या सावर उतरतो. सहा मिनिटांच्या गाण्यात चार साडेचार मिनिटं हीच फेरी.

सा ते तीव्र मध्यम या स्वरांतराबद्दल एक आख्यायिका सगळीकडे वाचायला मिळते. मध्ययुगात चर्चनं त्यावर बंदी घातली होती, त्याला सैतानाचा स्वर म्हणत, म्हणून सॅबथनं तो मुद्दाम घेतला. अशी बंदी घातल्याचा पुरावा नाही. गायला अवघड म्हणून जुने युरोपीय गायक ते अंतर टाळत एवढं खरं, आणि सैतानाचं नाव त्याला फार पुढे, अठराव्या शतकाच्या आसपास चिकटलं. ज्या कानाला रोज संध्याकाळी यमन ऐकायची सवय आहे त्याला तर हे पटणंच शक्य नाही. आपल्याकडे हा स्वर देवघरात बसतो. मला भाचीच्या रियाजानं हेच दाखवलं. तिच्या मध्यमाच्या मागे तानपुऱ्याची पंचमाची तार अखंड वाजत होती. अलीकडे गंधार, पलीकडे निषाद, सगळी भरल्या घरातली माणसं. आयोमीच्या मध्यमाच्या आसपास चिटपाखरू नाही. भीती स्वरात नव्हतीच, ती त्याच्या एकटेपणात होती.

हे एकटेपण त्या हातातून आलं असं मी मानते, आणि त्या हाताबद्दल लिहिताना माझं मन नेहमी जड होतं.

आयोमी ॲस्टनचा. बर्मिंगहॅममधली ही कामगारवस्ती, युद्धातल्या बॉम्बहल्ल्यांनी पडलेल्या घरांच्या रिकाम्या जागा तिथं पुढेही कित्येक वर्षं तशाच होत्या. चौघंही त्याच परिसरातले. गायक ऑझी ऑस्बर्ननं कत्तलखान्यात काम केलं होतं, मोटारींच्या हॉर्नच्या कारखान्यातही केलं होतं. आयोमी सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात होता. एका बँडबरोबर जर्मनीला जायचं ठरलं होतं आणि कामाचा तो शेवटचा दिवस होता. जेवायला घरी आला तेव्हा परत जायची इच्छा नव्हती. आईनं सांगितलं, घेतलेलं काम पुरं करून ये. दुपारी नेहमीची कामगार आली नव्हती म्हणून त्याला यंत्रावर उभं केलं. प्रेस खाली आला आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका हाच.

हे मी पहिल्यांदा एका जुन्या मासिकात वाचलं आणि संध्याकाळी शेजारच्या काकांना जाऊन सांगितलं. काका भोसरीला प्रेस शॉपमध्ये होते. डाय बसवताना त्यांचीही दोन बोटं पेरापासून गेली होती. आमच्या कॉलनीत अशा हातांची माणसं घराघरात होती आणि त्याबद्दल कोणी फारसं बोलत नसे. हात पुढे करून चहाची बशी घेतली की पाहुण्याची नजर क्षणभर अडकायची, तेवढंच. अपघाताआधी काका भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. नंतर त्यांनी टाळ घेतला. मी सांगत होते ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग त्यानं टोपणं कशाची केली?” आश्चर्य नाही, हळहळ नाही, थेट कामाचा प्रश्न. मी सांगितलं, भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून. गोळा केला, तापत्या लोखंडानं बोट जाईल एवढं भोक पाडलं, घासून आकार दिला, आणि तार पकडावी म्हणून वरून चामड्याचा तुकडा चिकटवला. काका म्हणाले, “चामडं जुनं घेतलं असेल. नवं सटकतं.” ते जुन्या जाकिटाचं होतं, हे मला पुढे कळलं. काका तोवर नव्हते.

आयोमीला त्याच्या फोरमननं जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून ऐकवली होती, हेही प्रसिद्ध आहे. आगीत भाजल्यामुळे डाव्या हाताच्या दोनच बोटांवर गिटार वाजवणारा तो थोर वादक. ही गोष्ट नेहमी जिद्दीची म्हणून सांगितली जाते. मला ती तशी सांगायला जमत नाही, कारण मी पखवाज भिंतीला टांगलेला पाहिला आहे. त्या हातानं संगीताचं काय केलं, हे मात्र सांगता येतं. टोपणं घातलेल्या बोटांना तार जाणवत नाही, जाड तार दाबली तर दुखतं. म्हणून त्यानं बँजोच्या बारीक तारा गिटारवर चढवल्या. भरगच्च कॉर्ड धरणं अवघड, म्हणून दोनतीन स्वरांत काम भागवायचं आणि आवाज भरून काढायचा तो ॲम्प्लिफायरनं आणि स्वर ओढून. बटलर आधी गिटार वाजवायचा, बासवर नवीन होता. तो बासवाल्यांच्या पारंपरिक वाटेनं न जाता गिटारच्याच सुरावटीच्या पायात पाय घालून चालला. दोघांनी मिळून एकच ओळ वाजवली आणि त्या ओळीला भिंतीची जाडी आली. हेवी मेटल या रॉकच्या जड प्रकाराचं वजन म्हणतात ते हे. पुष्कळजण सांगतात की सॅबथनं तारा खाली उतरवून हा आवाज मिळवला. ते खरं आहे, पण १९७१च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ या अल्बमपासून. पहिल्या अल्बमवर गिटार नेहमीच्याच पट्टीत आहे. तारा न उतरवता तो इतका जड वाजतो हे मला जास्त मोलाचं वाटतं.

१६ ऑक्टोबर १९६९. लंडनचा रीजंट साउंड स्टुडिओ. साधारण बारा तासांत सगळं ध्वनिमुद्रण आटोपलं. निर्माता रॉजर बेन, ध्वनियंत्रक टॉम ॲलम. चौघांना सुधारत बसायला वेळच नव्हता. गावोगावच्या पबमध्ये जे वाजवत होते ते त्यांनी उभं राहून वाजवलं, बस. पाऊस आणि घंटा नंतर जोडली. ‘विकेड वर्ल्ड’ हे गाणं झाल्यावर आयोमीच्या फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारचा पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारा भाग, गेला आणि जोडीला आणलेली गिब्सन एसजी त्याला हातात घ्यावी लागली. बाकीचा अल्बम तिच्यावर आहे. पुढची पन्नास वर्षं तो माणूस आणि ती गिटार वेगळी करता आली नाहीत. मी गाण्यातल्या लोकांत वावरते, रेकॉर्डिंगला बसते, आता एकेका ओळीचे वीस वीस टेक होतात ते बघते. त्या अल्बममधला बिल वॉर्डचा ढोल ऐकताना खोलीतली हवा ऐकू येते. झांज वाजल्यावर ती विझेपर्यंत कोणी तिला हात लावलेला नाही. ही घाईतून आलेली देणगी आहे आणि ठरवून ती मिळत नाही.

हेवी मेटलची सुरुवात इथूनच झाली का, यावर वाद आहेत आणि ते होऊ द्यावेत. अमेरिकेतला ब्लू चीअर १९६८ सालीच कान फाडत होता. लेड झेपलिनचे दोन अल्बम १९६९ साली येऊन गेले होते. डीप पर्पलचा ‘इन रॉक’ १९७०च्या जूनमध्ये आला. खुद्द सॅबथचा अल्बम पुरता ऐकला तर त्यातला मोठा भाग ब्लूजच आहे. ‘द विझर्ड’मध्ये ऑझीचा माउथऑर्गन आहे, ‘वॉर्निंग’ हे दुसऱ्याचं ब्लूज गाणं दहा मिनिटांहून जास्त फिरवलं आहे, ‘ईव्हिल वूमन’ही उसनं. बिल वॉर्ड तर मनानं जॅझचा, जॅझ ढोलवादक जीन क्रुपाचा भक्त. ‘विकेड वर्ल्ड’च्या सुरुवातीला त्याची हायहॅट, पायानं मिटणारी झांजांची जोडी, अशी झुलते की पाय आपोआप हलतो. पुढच्या मेटलनं हा झोका गमावला, आणि मला त्याचं वाईट वाटतं. वेग आला, अचूकपणा आला, लोखंड आलं, पण वॉर्डच्या हातातली ती हेलकावणारी लय फार थोड्यांनी उचलली. तरीही माझं मत विचाराल तर सुरुवात इथंच. कारण बाकीचे सगळे ब्लूज मोठ्यानं वाजवत होते. या पहिल्या गाण्यात ब्लूज उरलेलाच नाही. आणि शेवटच्या दीड मिनिटात हे गाणं अचानक दौडायला लागतं, तेव्हा त्यात पुढच्या दशकातल्या कितीतरी बँडांची टाप ऐकू येते. संथ अर्ध्यातून डूम मेटल निघालं, दौडत्या अर्ध्यातून आयर्न मेडनची पिढी. एकाच गाण्यात दोन्ही.

१३ फेब्रुवारी १९७० रोजी, शुक्रवारी, व्हर्टिगो या रेकॉर्ड कंपनीनं अल्बम बाजारात आणला. मुखपृष्ठावर ऑक्सफर्डशायरमधली मेपलडरमची जुनी पाणचक्की आणि समोर काळ्या झग्यातली बाई, रंग सगळे आजारल्यासारखे. आतल्या पानावर उलटा क्रॉस छापला होता. तो बँडला विचारून टाकलेला नव्हता, पण सैतानाचे पुजारी हा शिक्का त्यांच्यावर बसला तो बसलाच. गाणं नीट ऐकलं तर गोष्ट उलटी आहे. बटलरनं आपली खोली काळी रंगवली होती, जादूटोण्याची पुस्तकं वाचायचा, आणि एका रात्री पलंगाच्या पायथ्याशी काळी आकृती उभी दिसली असं तो सांगतो. त्या घाबरण्यातून हे गाणं आलं. गाण्यातला माणूस देवाचा धावा करतो. पुढे चौघंही गळ्यात क्रॉस घालू लागले आणि ते सुरुवातीचे क्रॉस ऑझीच्या वडिलांनी कारखान्यात बनवून दिले होते. वडील टूलमेकर होते. टूल रूममध्ये साहेबाचं काम उरकून उरल्या धातूतून पोरासाठी काहीतरी घडवणारा बाप मला अगदी समोर दिसतो. आमच्याकडे त्याच पद्धतीनं बनलेली एक समई आहे.

समीक्षकांनी अल्बम झोडपला. रोलिंग स्टोनमध्ये लेस्टर बँग्जनं तो ‘क्रीम’ या बँडची वाईट नक्कल ठरवला. लोकांनी मात्र उचलून धरला, ब्रिटनमध्ये आठव्या क्रमांकापर्यंत गेला, अमेरिकेत तेविसाव्या. बँग्जचा मला राग येत नाही. क्रीमच्या कानानं ऐकलं तर बोटांची चपळाई कमीच दिसणार. चिंचवडला, भोसरीला, जमशेदपूरला वाढलेल्या कानाला मात्र तो आवाज परका नव्हता. पाळीचा भोंगा, प्रेसचा ठराविक अंतरानं येणारा दणका, आणि दोन दणक्यांमध्ये कामगार हात आत घालतो ती जागा. बर्मिंगहॅम परिसरातल्या कारखान्यांचा आवाज आपल्या संगीतात आहे असं त्या चौघांनी आणि त्यांच्यामागून आलेल्या जूडास प्रीस्ट या बँडच्या लोकांनी वेळोवेळी सांगितलं आहे. प्रीस्टही तिथलेच. रॉजर बेननंच त्यांचा पहिला अल्बम केला, आणि १९८० साली ‘ब्रिटिश स्टील’ केला तो टॉम ॲलमनं. एका छोट्या स्टुडिओतल्या दोन माणसांच्या हातून एवढं गेलं.

आपल्याकडे हे संगीत आलं ते कॅसेटींतून, आणि मग कॉलेजांच्या बँड स्पर्धांतून, मुंबईत रंगभवनच्या इंडिपेंडन्स रॉकमधून. पुण्यातल्या स्पर्धांना मी खूप बसले आहे. ‘पॅरनॉइड’ सगळे वाजवायचे, ‘आयर्न मॅन’ही. हे पहिलं गाणं मात्र माझ्यासमोर कोणी धड शेवटपर्यंत वाजवलेलं आठवत नाही. एकदा एका बँडनं सुरू केलं. ढोल वाजवणाऱ्या मुलाला ठोक्यांमधली शांतता सोसेना, त्यानं ती भरायला सुरुवात केली, आणि दोन फेऱ्यांत गाणं दुसरंच काहीतरी झालं. विसाव्या वर्षी शांततेची भीती वाटते. मला तो मुलगा फार आवडला होता.

५ जुलै २०२५ रोजी व्हिला पार्कवर चौघं शेवटचे एकत्र वाजले. स्टेडियम ॲस्टनमधलंच, ऑझीच्या लहानपणच्या घरापासून जवळ. ऑझी उभा राहू शकत नव्हता, सिंहासनावर बसून गायला. सतरा दिवसांनी तो गेला. दिवसभर मेटॅलिका, स्लेअर, पँटेरा असे बँड एकामागून एक येऊन गेले आणि शेवटी सॅबथनं चार गाणी केली. पहिल्या अल्बममधलं एकच, ‘एन.आय.बी.’. बटलरचा बास सुरू झाला तेव्हा मी रडले. पण मी वाट बघत होते ती पहिल्या गाण्याची, आणि ते झालं नाही. आजाऱ्या ऑझीला ते पेललं नसतं, लोकांना सोबत गाता येतील अशी गाणी हवी होती, ही सगळी कारणं मला पटतात. तरी ते गाणं तिथं व्हायला हवं होतं असं अजून वाटतं. जलद लयीत हात चुकला तर पुढचा ठोका त्याला झाकून घेतो. या गाण्यात प्रत्येक ठोका उघडा असतो. बिल वॉर्ड सत्त्याहत्तर वर्षांचा होता, वीस वर्षांनी या तिघांच्या मागे बसला होता. तीव्र मध्यम थरथरत असताना तो आता किती वेळ थांबतो, आणि मग हात कसा खाली आणतो, ते मला ऐकायचं होतं.